पाठीवर लागलेली सूचना

मित्रांनो, मी एक जुना सूचनाफलक आहे. नगरपरिषदेच्या इमारतीत शिरताना पायऱ्यांच्या उजव्या हाताला, सभागृहाच्या खिडकीखाली मी भिंतीवर असतो. अंगावर हिरव्या बनातीचे जाड कापड आहे, भोवती लाकडी चौकट आहे आणि डोक्यावर पत्र्याचे आखूड छप्पर आहे. हे छप्पर मला म्हातारपणी मिळाले. त्याआधी चाळीस वर्षे मी उन्हात करपलो, पावसात फुगलो, पण कुणाला माझी दया आली नाही. मग एके दिवशी मला भर सभेत साक्षीला उभे केले आणि माझे नशीबच पालटले. तीच हकीकत आज तुम्हांला सांगणार आहे. सांगताना थोडी फुशारकी डोकावली तर तेवढी पोटात घाला.

माझा जन्म अडगळीतून झाला. गावातल्या शाळेचे जुने बाक मोडीत निघाले, तेव्हा नगरपरिषदेच्या सुताराने त्यांतल्या चार धडक्या फळ्या निवडल्या आणि एकमेकींना जोडल्या. पुढच्या बाजूला रंधा मारून त्याने बनात ताणून बसवली. मागची बाजू मात्र तशीच सोडली. भिंतीला लागणारी पाठ कोण बघतंय, असे तो म्हणाला. त्यामुळे कुण्या वात्रट मुलाने चाकूच्या टोकाने कोरलेले 'गुरुजी झोपले' हे दोन शब्द आजही माझ्या पाठीवर जसेच्या तसे आहेत.

ज्या दिवशी मला भिंतीवर चढवले त्या दिवशी मला आभाळ ठेंगणे झाले होते. गावाचा कारभार माझ्या अंगावरून चालणार होता. नळाला पाणी कधी येणार, कोणत्या गल्लीतले दिवे दुरुस्त होणार, गटारावर झाकणे कधी बसणार, सगळे आधी माझ्यावर लागे. नवा नियम करायचा असला तरी माझ्यावाचून पान हलत नसे. ठराव आधी सभेत वाचायचा, मग त्याचा मसुदा पंधरा दिवस माझ्यावर लावायचा, लोकांच्या हरकती ऐकायच्या आणि मगच मतदान घ्यायचे, अशी इथली रीत आहे. सभागृहाची खिडकी माझ्या डोक्यावरच असल्यामुळे आतले बोलणे मला शब्दन् शब्द ऐकू येई. पण आतली खोली मी कधी पाहिली नव्हती.

सुरुवातीचे कौतुक ओसरले आणि लोक माझ्याकडे पाठ करून गप्पा मारू लागले. कुणी मला सायकल टेकवी, कुणी माझ्या टाचण्या काढून दात कोरी. माझ्यावरचे कागद वाचणारे बोटांवर मोजण्याइतके उरले. आणि त्यांत सगळ्यांत नियमित वाचक कोण होता, सांगू? ज्याला दिसत नव्हते, तो.

सगळे त्यांना खुर्चीवाले काका म्हणत. वेताच्या खुर्च्या विणणे हा त्यांचा धंदा. लहानपणी आजारात दृष्टी गेली, पण बोटे अशी तयार की आंधळे आहेत हे गिऱ्हाइकाच्या ध्यानात यायला वेळ लागे. चढाच्या रस्त्याच्या वरच्या टोकाला त्यांचे घर आणि खालच्या टोकाला, माझ्यासमोर, त्यांचे दुकान. रोज सकाळी ते फुटपाथच्या कडेला काठी लावून एकटे खाली उतरत. पावले चारशे बारा. माझ्यापाशी आले की काठी भिंतीला टेकवत आणि विचारत, "काय म्हणतोय आमचा फलक?" मग दारावरचे शिपाईमामा त्यांना माझ्यावरचा प्रत्येक कागद वाचून दाखवत. कालचा कागद असला तरी काका तो पुन्हा ऐकत. त्यात बदल झाला नाही हे कळायला नको का, असे त्यांचे म्हणणे. बावीस वर्षांत हा नेम चुकला नव्हता.

मला त्या दोघांचा फार लळा होता. मामांना मोठ्या शब्दांची भीती वाटे आणि काकांना मोठे शब्द आवडत. मामा अडखळले की काका पुढचा शब्द ओळखून सांगत आणि बरोबर आला की दिवसभर खूश असत.

आता त्या प्रसंगाकडे येतो. गेल्या वर्षी इमारतीला रंग द्यायचे ठरले. रंगारी म्हणाला, चार दिवसांत भिंत चकाचक करतो. त्याने मला खाली उतरवले आणि कोठीच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून उभे केले. माझ्या कडेला मोडक्या कपाटांची रांग लावली. मग अर्धी भिंत रंगवून तो जो गेला तो मेव्हण्याच्या घराचे काम निघाले म्हणून तीन आठवडे फिरकलाच नाही. मी कोठीत कोंडलेला. खिडकी नाही, आवाज नाही, समोर पोपडे आलेली भिंत.

मला मागाहून कळले, नेमक्या त्याच दिवसांत सभेत चढाच्या रस्त्याचा ठराव वाचला गेला. तो रस्ता अरुंद आहे आणि बाजार व दवाखाना त्यावरूनच गाठावा लागतो. ट्रक आणि रुग्णवाहिका समोरासमोर आल्या की तिथे तासभर खोळंबा होई. म्हणून एका बाजूचा फुटपाथ काढून टाकावा आणि रस्ता रुंद करावा, असे ठरत होते. दुसऱ्या बाजूला फुटपाथ मुळातच नव्हता. हेतू वाईट नव्हता, मित्रांनो. पण त्या फुटपाथच्या कडेवरच काकांची काठी चालत होती, हे त्या खोलीतल्या कुणाच्या डोक्यात आले नाही.

मसुदा पंधरा दिवस फलकावर लावायचा होता, आणि फलक तर कोठीत. इथे आमच्या हेडक्लार्कांची ओळख करून द्यायला हवी. लोक त्यांना पाठीमागे 'पोटनियमसाहेब' म्हणत. चहा प्यायचा कोणत्या पोटनियमाखाली, असे विचारून मगच ते कप उचलतात, अशी त्यांची थट्टा होई. माणूस सरळ, सचोटीचा, पण नियमाचे अक्षर तेवढे पाहणारा. सूचना फलकावर लावायची, असे नियम सांगतो ना? मग ते कोठीत आले. माझे तोंड भिंतीला, कपाटे हलता हलेनात. त्यांनी थोडा विचार केला, खिशातून चार ड्रॉइंग पिना काढल्या आणि मसुदा माझ्या पाठीवर, 'गुरुजी झोपले'च्या बरोबर वर ठोकला.

चाळीस वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदाच माझ्यावरचा कागद मला स्वतःला वाचता येईना. आणि गंमत पुढेच आहे. पोटनियमसाहेब रोज सकाळी अकराला कोठीचे कुलूप उघडत, कागद पडला नाही ना ते पाहत, वहीत खूण करत आणि कुलूप लावून जात. पंधरा दिवस त्या सूचनेचा वाचक एकच होता, आणि तोच तिचा लेखक होता.

बाहेर काका रोज येतच होते, हेही मला मागाहून कळले. फलक आत आहे, रंग चाललाय, असे मामा सांगत. "म्हणजे बातम्यांना सुट्टी," असे म्हणून काका दुकानाकडे वळत.

अखेर रंगारी उगवला. भिंत पूर्ण झाली आणि मला पुन्हा जागेवर टांगले. पंधरा दिवस संपल्यामुळे साहेबांनी कागद आधीच काढून फायलीत लावला होता. दुसऱ्याच दिवशी इंजिनिअर पांढरा रंग घेऊन चढाच्या रस्त्यावर खुणा करू लागला. काका वरून उतरत होते. रंगाचा वास आला तसे त्यांनी विचारले, आणि इंजिनिअरने भाबडेपणाने सांगून टाकले की हा फुटपाथ निघणार, हरकतींची मुदत संपली, उद्या मतदान.

काका माझ्यापाशी आले तेव्हा त्यांच्या काठीचा आवाज नेहमीसारखा नव्हता. ते मामांना एवढेच म्हणाले, "मामा, तुम्ही मला हे वाचून दाखवलं नाहीत." मामांचा चेहरा पडला. ते आत जाऊन वही पाहून आले. सूचना फलकावर लावली होती, पंधरा खुणा होत्या, सगळे चोख होते. बाहेर येऊन त्यांनी काकांना तेही सांगितले. काकांनी हात वर करून माझी बनात चाचपली, जणू मी काही लपवलेय का ते पाहत होते. मला तोंड असते तर मी तिथेच ओरडलो असतो.

दुसऱ्या दिवशी तीन वाजता सभा भरली. अध्यक्षबाईंसह अकरा सदस्य, मधोमध बाई. बाईंची बाजारात बेकरी आहे. बोलायला उठणाऱ्या नागरिकाला तीन मिनिटे मिळतात आणि ती मोजायला बाई बेकरीतलेच घड्याळ आणतात, पाव भाजून झाला की किर्रर्र वाजणारे. मी खिडकीखाली कान टवकारून होतो. काकूंनी काकांना दारापर्यंत आणले होते, पण आत ते एकटेच गेले. काठीचा टक टक आवाज मी मोजत होतो.

काका म्हणाले, "मला रस्ता अडवायचा नाही. पण फुटपाथ गेला तर मला बायकोचा हात धरून कामाला जावं लागेल. बावीस वर्षं मी एकटा जातोय. हे सांगायला मला पंधरा दिवस मिळायला हवे होते. ते मिळाले नाहीत."

अध्यक्षबाईंनी हेडक्लार्कांना विचारले. त्यांनी वही उघडली आणि सूचना फलकावर होती, रोज अकरा वाजता आपण स्वतः पाहिली, असे ठामपणे सांगितले. त्यात एक अक्षर खोटे नव्हते, म्हणून तर माझा जीव खालीवर होत होता. काकांनी शिपाईमामांना पुढे बोलावण्याची परवानगी मागितली. मामांच्या निवृत्तीला दीड वर्ष राहिले होते आणि साहेब त्यांचे साहेब होते. त्यांनी घसा दोनदा खाकरला. मग मात्र ते स्पष्ट बोलले. काकांना मी रोज फलक वाचून दाखवतो, म्हणाले, आणि त्या दिवसांत वाचायला बाहेर फलकच नव्हता.

"फलक होता," साहेब म्हणाले. "कोठीत होता. आणि सूचना फलकावरच होती."

खोलीत कुजबुज सुरू झाली. तेवढ्यात घड्याळ किर्रर्र वाजले. बाईंनी ते उचलून टेबलाच्या खणात टाकले आणि म्हणाल्या, "फलक आत आणा."

मित्रांनो, चाळीस वर्षे ज्या खोलीचे कागद मी अंगावर वागवले, त्या खोलीत मी पहिल्यांदा शिरलो तो दोघांच्या खांद्यांवरून. लांबलचक टेबल, वर मंद फिरणारा पंखा, भिंतीवर गावाचा नकाशा आणि अकरा वेताच्या खुर्च्या. मला टेबलावर उभे केले. बाई चष्मा लावून माझ्याजवळ आल्या. आता एक सांगतो. माझ्यावर कागद पंधरा दिवस राहिला की भोवतीची बनात उन्हाने विटते आणि कागदाखालची हिरवीच राहते. माझ्या अंगावर अशा जुन्या कागदांचे चौकोन गोधडीसारखे पसरलेले आहेत. सर्वांत अलीकडचा चौकोन पाण्याच्या वेळापत्रकाचा होता, हे मामांनी बोट ठेवून दाखवले. रस्त्याच्या सूचनेचा चौकोन कुठेच नव्हता.

"कुठे लावली होती मग?" बाईंनी विचारले.

साहेब उठले. त्यांनी स्वतःच्या हातांनी मला फिरवले. पाठीवर चार ड्रॉइंग पिना होत्या, एका पिनेखाली कागदाचा कोपरा अडकलेला होता आणि खाली ठळक अक्षरांत 'गुरुजी झोपले'. आधी एक सदस्य हसला, मग दुसरा, मग सगळी खोली. मला मात्र हसू येत नव्हते. कारण साहेब हसत नव्हते. ते त्या चार पिनांकडे पाहत उभे होते.

बाईंनी हात वर करून सगळ्यांना गप्प केले आणि नियम वाचायला सांगितला. साहेबांना पुस्तक लागत नाही. त्यांनी डोळे मिटून म्हणायला सुरुवात केली: सूचना फलकावर, येणाऱ्या-जाणाऱ्यास वाचता येईल अशा रीतीने... आणि तिथेच त्यांनी डोळे उघडले. एवढ्या वर्षांत हे वाक्य त्यांनी शेकडो वेळा म्हटले असेल, पण त्यातला येणारा-जाणारा आज पहिल्यांदा त्यांच्यासमोर काठी घेऊन उभा होता.

त्यांनी वही मिटली. "बाई, सूचना लागलीच नाही असं धरावं," ते म्हणाले. "चूक माझी आहे. तशी नोंद मीच करतो."

मग काका बोलले, "बाई, तुम्ही अकराही जण मी विणलेल्या खुर्च्यांवर बसलाय. वीण सैल पडली की तुम्ही मला बोलावता आणि मी ती सोडवून पुन्हा घालतो. आज इथली वीण सैल पडलीय. ती तेवढी पुन्हा घाला."

अध्यक्षबाईंनी मतदान रद्द केले. सूचना नव्याने, तोंडावर, पंधरा दिवस लागेल, असा हुकूम त्यांनी तिथेच दिला. मला उचलून बाहेर नेत असताना अर्धे सदस्य आपापल्या खुर्चीची वीण बोटांनी चाचपून पाहत होते.

तो मसुदा माझ्या छातीवर लागला त्या सकाळी मी जसा ताठ उभा होतो तसा जन्मात राहिलो नव्हतो. काका आले. मामा वाचायला पुढे झाले, तर त्यांच्या आधी साहेबच येऊन उभे राहिले. त्यांनी सगळा मसुदा सावकाश वाचून दाखवला, पोटनियमांसकट. काकांनी दोन शब्द पुन्हा वाचायला लावले. मग म्हणाले, वाचता छान, फक्त श्वास घ्या मधे मधे.

फलकाची पाठ पाहायला म्हणून गाव लोटले. पाठ तर आता भिंतीला होती, म्हणून आलेली माणसे नाइलाजाने पुढचा कागद वाचू लागली, आणि वाचता वाचता त्यांचे डोळे उघडले. बाबागाडी ढकलणाऱ्या आया आल्या, गुडघेदुखीचे आजोबा आले, टपाल वाटणाऱ्या बाई आल्या. फुटपाथ आपल्यालाही लागतो, हे त्यांना तो जायला निघाल्यावर कळले. पंधरा दिवसांत त्रेसष्ट हरकती आल्या. आधीच्या वेळी एकही नव्हती.

पण नुसती हरकत घेऊन काका थांबले नाहीत. चढाचा रस्ता फक्त वर जाणाऱ्या गाड्यांना ठेवा, अशी त्यांची सूचना होती. उतरणाऱ्या गाड्या नदीकाठच्या रस्त्याने जातील, मग समोरासमोर येणारच कोण? इंजिनिअरने आधी नाक मुरडले. मग तो तीन दिवस रस्त्यावर उभा राहून गाड्या मोजत बसला आणि चौथ्या दिवशी हेच आपल्याला आधी का सुचले नाही म्हणून स्वतःवरच चिडला. या हिशेबाने फुटपाथ काढणे तर सोडाच, तो दोन हात रुंद करता येत होता.

हा बदललेला मसुदाही पंधरा दिवस माझ्यावर लागला. मतदानाच्या दिवशी सभागृहात बसायला जागा नव्हती, खिडकीबाहेर माझ्या दोन्ही अंगांना माणसे लोंबकळत होती. दहा हात ठरावाच्या बाजूने वर गेले. अकरावे सदस्य ट्रकवाले. नदीकाठचा वळसा लांब पडेल म्हणून त्यांनी विरोध केला आणि तो विरोध साहेबांनी मानाने नोंदवला. निकाल ऐकून बाहेर जो गलका उठला, त्याने माझ्या अंगावरच्या दोन टाचण्या निसटल्या. मी हरलेल्या बाजूला कधी हसत नाही, पण त्या दिवशी मला आनंद मावेना. काकू मामांच्या गळ्यात पडायच्या राहिल्या होत्या तेवढ्या.

त्याच सभेत आणखी एक छोटा नियम झाला, साहेबांनी स्वतः मांडलेला आणि रीतीप्रमाणे पंधरा दिवस माझ्यावर लावलेला. सूचनाफलक कोणत्याही कारणाने भिंतीवरून उतरवायचा नाही, उतरवावाच लागला तर तितके दिवस मुदत वाढवायची, आणि ज्याला वाचता येत नाही त्याला दारावरच्या माणसाने सूचना वाचून दाखवायची. मामांनी बावीस वर्षे आपखुशीने जे केले त्याचा आता नियम झाला. मामा लाजून चूर झाले. माझ्या डोक्यावरचे छप्परही त्याच दिवशी मंजूर झाले.

रस्त्याचे काम दोन महिने चालले. खडी पडली, रोलर फिरला, फुटपाथच्या कडेला पायाला आणि काठीला लागतील अशा खाचांच्या फरश्या बसल्या. शेवटी काम पूर्ण झाल्याचा कागद माझ्यावर लागला. त्या सकाळी मी वर पाहत होतो. चढाच्या टोकाला काका दिसले, एकटे. नेहमीपेक्षा भरभर उतरत होते. कडेला बाबागाडी होती, ती त्यांना आरामात ओलांडून गेली, एवढी जागा झाली होती. माझ्यापाशी येऊन त्यांनी काठी टेकवली. साहेबही दारात आले होते.

मामांनी चष्मा पुसला आणि नवा कागद लागलाय, वाचू का, असे विचारले.

"आज राहू द्या, मामा," काका म्हणाले. "मी आत्ताच पायांनी वाचून आलो."

मित्रांनो, आता मी फार वर्षांचा सोबती नाही. माझी बनात झिजली आहे आणि एका फळीला वाळवीने तोंड लावले आहे. माझ्या जागी उद्या चकचकीत काचेचा फलक येईल, त्याचे मला दुःख नाही. एकच विनवणी आहे. माझ्यासारखा कुणी भिंतीवर दिसला तर त्याला सायकल टेकवू नका, त्याच्या टाचण्या नेऊ नका आणि त्याच्यासमोर घटकाभर थांबा. तुमच्या पायांखालचा रस्ता त्या कागदावर असू शकतो. आणि शेजारी कुणी काठी टेकवून उभे असेल, तर तो कागद जरा मोठ्याने वाचा.